वाचकांचे प्रश्न : तापमान सारखं, मग उष्णता वेगळी कशी?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. कपातलं उकळतं पाणी आणि न्हाणीतल्या बंबातलं उकळतं पाणी दोन्ही 100 अंश, म्हणजे उष्णताही सारखीच, असं ती ठामपणे म्हणते. व्याख्या पाठ आहेत, पण पटलेल्या नाहीत. घरी काही करून दाखवता येईल का?
– एक पालक, देवगड

उत्तर : जरूर. व्याख्या पाठ असूनही ती अडून बसली आहे, हे फार चांगलं लक्षण आहे.

तापमान हे पाण्याच्या कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप. सरासरीच असल्यामुळे पाणी कपभर आहे की बंबभर, याने त्यात फरक पडत नाही. उष्णता म्हणजे तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा, आणि ती ज्यूलमध्ये मोजतात. कपभर उकळतं पाणी बादलीभर गार पाण्यात ओतलं तर बादली जेमतेम कोमट होते. बंबातल्या पाण्यावर घरातल्या चौघांच्या आंघोळी होतात. काटेकोर बोलायचं तर ‘बंबात उष्णता आहे’ हेही चूकच. बंबात असते ती अंतर्गत ऊर्जा. गार वस्तूकडे वाहून जाते तेवढीच उष्णता. परीक्षेत मुलांचे गुण नेमके इथे जातात.

आता प्रयोग. प्रयोगशाळेतला 0 ते 110 अंशांचा तापमापी आणा. तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात मुळीच घालू नका, तो फुटतो. इंडक्शन शेगडीवर 400 ग्रॅमच्या स्टीलच्या टोपात 250 मिली पाणी घ्या, 1,000 वॅटवर बरोबर एक मिनिट तापवा, ढवळा आणि तापमान बघा. टोप पूर्ण गार करून त्याच टोपात एक लिटर पाणी घेऊन तेच पुन्हा करा. शेगडीच्या 1,000 वॅटपैकी साधारण 800 वॅट टोप आणि पाणी मिळून दोघांपर्यंत पोचले असं धरलं, तर दोन्ही वेळा सुमारे 48,000 ज्यूल मिळाले. 30 अंशांचं पाणी पहिल्या खेपेस 68च्या आसपास जाईल, दुसऱ्या खेपेस 41च्या. उष्णता तेवढीच, तापमानवाढ मात्र 38 आणि 11.

इथे मुलगी हटकून विचारेल : पाणी चौपट, मग वाढ बरोबर चौथाई का नाही? कारण टोपही तापतो. थोड्या पाण्याच्या वेळी उष्णतेतला मोठा वाटा टोप खातो. याखेरीज आकडे बिघडतात ते ढवळायचं राहिल्याने किंवा तापमापी बुडाला टेकल्याने. शेगडी फार कमी वॅटवर ठेवली तर ती मधूनमधून बंद-चालू होते, मग मिनिटाचा हिशेब लागत नाही.

वजन सारखं ठेवूनही फरक दाखवता येतो. 100 ग्रॅम लोखंडी खिळे उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून, पाणी निथळून, झटकन 30 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात टाका. मिश्रण 37 अंशांच्या जवळ येतं. खिळ्यांऐवजी 100 ग्रॅम उकळतं पाणी ओतलं असतं तर 65 झालं असतं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला 4.18 ज्यूल लागतात, लोखंडाला फक्त 0.45. यालाच विशिष्ट उष्माधारकता म्हणतात.

प्रश्न : मासळीच्या पेटीत बर्फाऐवजी 0 अंशांचं थंडगार पाणी घातलं तर चालेल का? तापमान तर तेच.
– एक मासळी व्यावसायिक, हर्णै

उत्तर : नाही चालणार. एक किलो बर्फ 0 अंशांवरच राहून नुसता वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषतो. 0 अंशांचं एक किलो पाणी 5 अंशांपर्यंत चढताना शोषतं फक्त 21 किलोज्यूल. दहा किलो बांगडा 30 वरून 5 अंशांवर आणायला सुमारे 900 किलोज्यूल काढावे लागतात. त्याला बर्फ अडीच किलो पुरतो, पाणी मात्र 43 लिटर लागेल!

हा झाला कागदावरचा हिशेब. ऊन, गरम हवा आणि पेटीच्या भिंतींतून उष्णता सतत आत येते, म्हणून आपल्या हवेत किलोला किलो बर्फ घालतात तेच योग्य. बर्फ बारीक फोडा. मोठ्या खड्यांमध्ये हवा राहते आणि मासा बर्फाला नीट टेकत नाही. तळाला बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ, असे थर द्या आणि वितळलेलं पाणी तळाच्या भोकातून जाऊ द्या. एक गोष्ट विसरू नका : शेवटचा खडा उरेपर्यंत बर्फाजवळचा तापमापी 0च्या आसपासच दाखवतो. बर्फ किती उरलाय हे तो सांगत नाही. झाकण उघडून बघावंच लागतं.

प्रश्न : मोदकपात्राची वाफ हातावर आली की उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : एक ग्रॅम उकळतं पाणी हातावर 40 अंशांपर्यंत निवताना साधारण 250 ज्यूल देतं. तेवढीच वाफ आधी पाणी होताना 2,260 ज्यूल देते, मग वर हे 250. म्हणजे दहापट. झाकण उघडताना त्याची पलीकडची कड आधी उचला, वाफ तिकडून निघून जाते. भाजलंच तर हात लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका.