मर रोगासाठी केळीच्या वाणांची सरमिसळ: उपयोग होईल का?

ग्रँड नैन, विल्यम्स आणि बसराई एकाच शेतात मिसळून लावली तर मर रोग आटोक्यात राहील का, असं तुम्ही विचारलंय. नाही राहणार. ही तिन्ही कॅव्हेंडिश गटातली आहेत. एकाच झाडाच्या मुनव्यांमधून उत्परिवर्तनाने वेगळी झालेली. उंची, घडाचा आकार बदलतो, पण रोगाशी लढणारी जनुकं जवळपास तीच. म्हणजे नावं तीन, झाड एकच.

मर रोगाची बुरशी फ्युजेरियम. तिच्या रेस १ ने (रेस म्हणजे बुरशीचा उपप्रकार) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य अमेरिकेतले ग्रो मिशेल या जुन्या वाणाचे मळे संपवले, आणि रेस १ ला दाद न देणारी कॅव्हेंडिश त्या जागी आली. टीआर४ (ट्रॉपिकल रेस ४) हा उपप्रकार मात्र कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियातही सापडला. त्यामुळे वाण निवडण्याआधी शेतात कोणती रेस आहे हे पीसीआर (बुरशीचा डीएनए ओळखणाऱ्या) चाचणीने कळायला हवं. लक्षणांवरून दोन्हींत फरक करता येत नाही.

लक्षणं अशी: जुनी पानं कडेकडून पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात, बुंधा उभा चिरतो. खोड कापलं की आत तांबूस-तपकिरी रेषा दिसतात. जिवाणूजन्य मर वेगळी ओळखायला त्या रेषांचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवा. दुधट धार सुटली तर जिवाणू. फ्युजेरियममध्ये ती येत नाही.

टिश्यू कल्चरचं रोप निरोगी असतं, पण त्यामुळे ते प्रतिकारक होत नाही. उलट मुळांभोवतीचे उपयुक्त सूक्ष्मजीव नसल्याने कोवळेपणी ते दूषित मातीत लवकर बळी पडतं. स्वच्छ जमिनीसाठी उत्तम, बाधित जमिनीला औषध नव्हे.

खरी विविधता हवी तर गट बदलावा लागतो, आणि इथेच अडचण आहे. खाण्याची बहुतेक केळी त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली), म्हणून बिनबियांची. संकर करायला हजारो फुलं परागित केली तरी हाती मोजक्याच बिया लागतात. होंडुरासचं एफएचआयए-०१ हे वाण असंच संकरातून आलं, पण चव कॅव्हेंडिशची नाही. तैवानने दुसरी वाट धरली: टिश्यू कल्चरमध्ये आपोआप होणाऱ्या बदलांतून जीसीटीसीव्ही-२१८ हे वाण निवडलं. ते टीआर४ सहन करतं, पूर्ण प्रतिकारक नाही, आणि कापणीला उशिरा येतं. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये मंजूर झालेल्या क्यूसीएव्ही-४ या कॅव्हेंडिश वाणात रानकेळीचं आरजीए२ हे जनुक घातलंय. माझ्या मते रानकेळी जपण्याचा सगळ्यात रोकडा फायदा हाच.

तोवर माती हलू न देणं हेच मुख्य काम. बाधित झाड उपटू नका, नांगरू नका. तणनाशक टोचून जागीच मारा आणि भोवतालचा पट्टा बंद करा. त्या पट्ट्यातून पाणी वाहून खालच्या शेतात जाऊ देऊ नका. अवजारांची माती आधी ब्रशने पूर्ण काढा, मगच जंतुनाशक वापरा. चिखल राहिला तर क्लोरीन त्यातच खर्च होतं. इथेच बहुतेक जण चुकतात. शक्यतो क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक घ्या आणि लेबलवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात, काही तणांच्या मुळांतही लक्षणांविना राहतात. म्हणून दोन-तीन वर्षं केळी बंद ठेवून ती जमीन मोकळी होत नाही.