कॅफे नवीनच टाकलायस, तर आधी मेनू निम्मा कर

४० पदार्थ ठेवलेस की फ्रिजमध्ये माल नुसता पडून राहतो. कॉफी मात्र रोज सारखीच लागली पाहिजे. शटर उघडलं की पहिला शॉट, म्हणजे मशीनमधून काढलेली एस्प्रेसो, वजनकाट्यावर काढून बघ: १८ ग्रॅम पूड, साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. पुण्यात पावसाळी हवा दमट झाली की हे गणित हमखास बिघडतं, मग ग्राइंडरची सेटिंग जराशी बदलायची. दूध ६५ अंशांच्या पुढे नेऊ नकोस, त्याचा गोडवा जातो. "कडक गरम पाहिजे" म्हणणारे काका येणारच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कप आधी उकळत्या पाण्याने तापवून घे.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एक आजोबा रोज यायचे. मी आपला दर वेळी "काय देऊ?" विचारायचो. एकदा म्हणाले, "अजून विचारतोस होय रे?" फार ओशाळलो. तेव्हापासून काउंटरखाली वही आहे: कोण, काय घेतं, साखर किती.

लॅपटॉपवाल्यांवर चिडू नकोस. दीडेक तासाने पाणी भरायला जा आणि बनमस्का हवाय का, सहज विचार. बरेचजण हो म्हणतात.

आणि हो, डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन धरूनच तिथले दर लाव.