पहिली कॉम्प्युटर प्रोग्रामर मानली जाणारी इंग्लंडची गणितज्ञ एडा लव्हलेस, तिचं पांढऱ्या ड्रेसमधलं मोठं उभं पोर्ट्रेट कोणी काढलं?
मार्गारेट सारा कार्पेंटर यांनी, १८३६ मध्ये. ब्रिटिश सरकारच्या कलासंग्रहात तशी नोंद आहे आणि खुद्द एडाच्या पत्रातही उल्लेख सापडतो, की ह्या बाई माझा सगळा रुंद जबडाच दाखवायला निघाल्यात, त्यावर 'मॅथेमॅटिक्स' लिहायला हवं! म्हणजे गिऱ्हाईक एवढं मोठं असूनही चेहरा गोड करून दिला नाही, मला हेच त्यांचं मोठेपण वाटतं. जवळजवळ ५० वर्षं लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात चित्रं लावली तरी अकॅडमीने त्यांना मेंबर कधीच केलं नाही, हा सरळ अन्याय आहे. फक्त एक, एडाचं जांभळ्या ड्रेसमधलं छोटं वॉटरकलर त्यांचं नाही, ते आल्फ्रेड शॅलनचं मानतात.