आधी हंगाम धरा, अंतराचं नंतर बघू

दिवाळी पाडव्याला ‘यापुढे शंभर किलोमीटरच्या आत पिकलेलंच खायचं’ असं घरात जाहीर केलंत, अठराव्या दिवशी मुलाने ताट सरकवलं आणि नवऱ्याने परस्पर सफरचंदं आणली. आता कुठे चुकलं म्हणून विचारताय. चुकलं एवढंच, की सुरुवात बंदीने केलीत. अकरा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. आमच्याकडे नऊ दिवस टिकलं, म्हणजे तुम्ही माझ्या दुप्पट टिकलात.

तो शंभर किलोमीटरचा नियम आधी काढून टाका. पुण्यात राहून तो पाळायचा तर लातूरकडची तूरडाळ गेली, मंगळवेढ्याची ज्वारी गेली, रत्नागिरीची आमसुलं गेली. मग आमटी कशाची करणार? हंगाम धरलात की अंतर बरंचसं आपोआप कमी होतं. बरंचसंच, सगळं नाही. पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात निघतो, श्रावण-भाद्रपदात. थंडीत ढिगाने स्वस्त मिळणारा मटार बहुतेक मध्य प्रदेशातून आलेला असतो. मी दोन्ही घेते. सफरचंदं काश्मीर-हिमाचलात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरतात, त्यामुळे नवऱ्याने नोव्हेंबरात आणली तर भांडू नका. एप्रिलमध्ये आणली तर भांडा, तेव्हा ती शीतगृहातून आलेली असतात आणि बाजारात कलिंगडं, करवंदं असतात.

पहिले दोन महिने घरातलं काहीही बंद करू नका. आठवड्याला एकच हंगामी भाजी वाढवा. ती ओळखायला तक्ता लागत नाही: जी चार-पाच गाळ्यांवर एकदम दिसते आणि जिचा भाव गेल्या आठवड्यापेक्षा उतरलाय, ती. ‘गावठी आहे का?’ असं विचारू नका, त्याला कुठलाच भाजीवाला नाही म्हणत नाही. ‘ही कधीपासून यायला लागली?’ असं विचारा. बारा महिने येते म्हणाला तर काय ते कळलंच. शेतकरी आठवडे बाजार जवळ भरत असेल तर तिथे जा, पण तिथेही डोळे उघडे ठेवा. कोबी, वांगी, ढोबळी मिरची आणि त्यातच केळी, सगळं एकाच टेबलावर असेल तर ते एका शेतातलं नाही.

धान्याचं भाजीपेक्षा सोपं, कारण पोरं धान्यावरून रुसत नाहीत. नवी बाजरी आलेलीच आहे. भाकरी जमत नसेल तर थालीपिठापासून सुरू करा. आणि पीठ आठ दिवसांपुरतंच दळून आणा. माझ्या भाकऱ्या वर्षभर तुटत होत्या, मी हाताला दोष देत राहिले. नंतर सासूबाईंनी पीठ चिमटीत घेऊन सांगितलं, ‘अगं, याची विरी गेलीय.’ विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा; महिनाभर डब्यात पडलेलं पीठ होतं ते.

खरी परीक्षा जून-जुलैत असते. थंडीत काय, कुणीही हंगामी खाईल! पहिल्या पावसात पालेभाज्या चिखलाने माखलेल्या येतात, निम्म्या सडतात आणि भाव चढतात. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेला तेव्हा आमच्याकडे आमसूल आणि चिंचेवर निभावलं, कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. त्याची तयारी मात्र एप्रिल-मेच्या उन्हात करावी लागते: सांडगे, वाळवलेली गवार, वाळवलेली मेथी. जोडीला मटकी, चवळी, कडवे वाल. आठवड्यात तीन दिवस उसळ ठेवली की दोन महिने निघतात. एवढ्यात टाकळा, कुर्डू, करटोली येतातच.

रानभाज्यांच्या बाबतीत मात्र माझ्यासारखा उतावीळपणा नको. कल्याणच्या बहिणीने एकदा शेवळं आणली. सोबत काकडं होती, ती मी ‘ही कसली हिरवी फळं’ म्हणून बाजूला ठेवली आणि भाजी तशीच केली. संध्याकाळपर्यंत चौघांचे घसे खाजत होते. शेवळांची खाज मारायला काकडांचा रस लागतो, हे विकणारीला विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं. न ओळखता येणारी भाजी नुसती विकत घेऊ नका, ती करायची कशी हेही तिथेच विचारून घ्या.

मुलाचं म्हणाल तर त्याच्या फ्लॉवर-बटाट्याला आत्ता हात लावू नका. फ्लॉवर थंडीतलाच आहे, मार्चपर्यंत खाऊ दे. डिसेंबरात तुरीच्या शेंगा येतील, त्या मिठाच्या पाण्यात उकडून त्याच्यासमोर पातेलं ठेवा आणि सोलून देऊ नका. आमच्याकडे दोन भावांमध्ये शेवटच्या मुठीवरून भांडणं व्हायची.