ठोका चुकतो, ठोका गळतो

ईसीजीच्या संकेतांवर संशोधन करणाऱ्या कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: गावच्या शाळेत मराठीतून हा विषय सांगायचा आहे, तर ‘ठोका चुकणे’ चालेल का, की ‘स्पंदनलोप’ म्हणावं? आणि पेसमेकरच्या, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्राच्या, ‘सेन्सिंग’ला काय शब्द?

‘ठोका चुकणे’ खुशाल वापरा. ‘स्पंदनलोप’ नकोच, कारण तो भारदस्त असला तरी चुकीचं सांगतो. छातीत धस्स होतं तेव्हा बहुतेक वेळा ठोका लोपलेला नसतो, तो वेळेआधी पडलेला असतो. तेवढ्या अवधीत हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका क्षीण असतो आणि मनगटाला बऱ्याचदा लागत नाही. मग थोडी उसंत, आणि पुढचा ठोका जोरात. आपल्याला जाणवते ती उसंत आणि तो जोर. ईसीजीच्या पट्टीवर मात्र तो आगाऊ ठोका स्पष्ट उमटलेला दिसतो. आता ‘चुकणे’ बघा. गाडी चुकते म्हणजे हुकते, गणित चुकतं म्हणजे भलतंच होतं. बोटाखाली ठोका हुकला, पट्टीवर त्याची वेळ भलतीच निघाली. एकाच क्रियापदात दोन्ही बसलं. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं.

ठोका खरोखरच पडत नाही, तिथे ‘गळणे’ म्हणा. डच डॉक्टर वेंकेबाख यांनी १८९९ साली, ईसीजी वापरात रुळायच्या आधी, नुसत्या नाडीच्या आलेखांवरून असा प्रकार टिपला होता. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा संदेश खालच्या कप्प्यात पोचायला दर ठोक्यागणिक जास्त उशीर होत जातो आणि शेवटी एक पोचतच नाही. तो गळलेला ठोका.

ठोका आणि ठेका यांतही गल्लत नको. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीला हलगी वाजते तेव्हा काठीचा एकेक आघात हा ठोका, आणि पुन्हा पुन्हा येणारी त्यांची बांधणी हा ठेका. नाडी मिनिटाला ७६ भरली तरी ठेका पार विस्कटलेला असू शकतो. ‘ठोके नॉर्मल आहेत’ एवढ्यावर थांबू नका, हे मुलांना जरूर सांगा.

‘सेन्सिंग’साठी माझा शब्द ‘चाहूल’. पेसमेकर सहसा सारखा ठोके देत बसत नाही. काही मिलिव्होल्टच्या संकेतावरून हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याची चाहूल घेतो. लागली तर गप्प राहतो, ठरल्या वेळेत नाही लागली तर स्वतः विजेचा हलका धक्का देतो. संकेत क्षीण असेल तर चाहूल लागतच नाही. कधी छातीच्या स्नायूंच्या विजेलाच तो ठोका समजतो, ती भलतीच चाहूल; मग गरज असतानाही गप्प राहतो. तुमच्या संशोधनातली निम्मी डोकेदुखी या दोन वाक्यांत सांगता येईल.

पेसमेकरला पेसमेकरच म्हणा, नाहीतर आमच्या आत्तीसारखं मशीन. ती म्हणते, “मशीन हाय खरं, काळीज माझं मीच चालवतोय.”