हत्यार मिळाले नाही, शिक्षा मात्र झाली. मग पुराव्याचे काय झाले असेल?

आपला प्रश्न असा आहे की, एका खुनाच्या खटल्यात आरोपीला जन्मठेप झाली, परंतु हत्यार आणि मृताचा मोबाइल शेवटपर्यंत सापडला नाही. त्याने या वस्तूंची विल्हेवाट कशी लावली असेल याबद्दल लोक छातीठोकपणे जे तर्क मांडतात त्यांत तथ्य किती, आणि हे कोडे सुटलेले नसताना न्यायालय शिक्षा तरी कशी देते? मी फौजदारी खटले चालवणारा वकील आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच दडलेले आहे.

खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाला मृत्यू घडला, तो मनुष्यवधाचा होता आणि तो या आरोपीनेच हेतुपूर्वक घडवला, एवढे सिद्ध करावे लागते. नंतर त्याने सुरा कुठे टाकला, हे सिद्ध झाले तर साखळीत एक भक्कम दुवा वाढतो. झाले नाही म्हणून साखळी आपोआप तुटत नाही. अगदी मृतदेह मिळाला नाही तरीही हेच तत्त्व लागू होते. सतराव्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी मृतदेह सापडल्याखेरीज कोणालाही खुनासाठी दोषी धरू नये, असा सावधगिरीचा नियम सांगितला होता, आणि त्या काळी त्याला सबळ कारण होते. 1660 मध्ये इंग्लंडमधील कॅम्पडन गावचा विल्यम हॅरिसन बेपत्ता झाला, त्याच्या खुनाबद्दल एक आई आणि तिचे दोन मुलगे फासावर गेले, आणि 1662 मध्ये हॅरिसन जिवंत परतला. पुढे हा नियम सैल झाला. 1981 मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मृतदेह मिळणे हाच खून सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नव्हे. हा कायदा नसता तर जो अधिक सराईत तोच सुटला असता. 1949 मध्ये लंडनमध्ये पकडलेला, मृतदेह नाहीसा करणारा खुनी जॉन हेग याच भ्रमात होता. मृतदेहच उरला नाही तर खून सिद्ध कसा होणार, असे त्याने पोलिसांनाच ऐकवले, आणि उरलेल्या अवशेषांतील कृत्रिम दात दंतवैद्यांनी ओळखल्यावर तो फासावर गेला.

पुरावा नाहीसा करणे हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम 201 आणि तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 238 त्यासाठीच आहे, आणि मूळ गुन्हा देहदंडाच्या शिक्षेस पात्र असेल तर यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खुनाचा दोषारोप आणि पुरावा नाहीसा केल्याचा दोषारोप बहुधा एकत्रच ठेवले जातात, पण त्यांचा निर्णय वेगवेगळा होतो. एखादा आरोपी खुनात दोषी ठरून कलम 201 मधून निर्दोष सुटू शकतो. तसे झाले असेल, तर पुरावा त्याने नाहीसा केल्याचे संशयापलीकडे सिद्ध झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर बाहेर फिरणारी प्रत्येक कथा ही न्यायालयाने न स्वीकारलेल्या जागेवर उभी असते, मग ती कितीही तपशीलवार असो.

आता आरोपीने दाखवून दिलेल्या पुराव्याविषयी. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. मुख्य अपवाद असा की, कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. हे पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम 27; नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 23 मध्ये सामावले आहे. 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायासनाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात याची जी फोड केली ती आजही प्रत्येक सत्र न्यायालयात उद्धृत होते. आरोपी म्हणतो, घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो. यातून सुऱ्याचा शोध लागत नाही, कारण सुरे काही आज निर्माण झालेले नाहीत. शोध लागतो तो अमुक ठिकाणी सुरा लपवलेला आहे हे या माणसाला ठाऊक होते, या गोष्टीचा. त्याच वाक्यात त्याने ‘याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकले’ असे जोडले, तर ते शब्द वगळले जातात.

कागदावर हे सुबक दिसते, कोर्टात तसे नसते. निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने दिलेल्या माहितीची पंचांसमोर केलेली नोंद, कोणत्या वेळी सुरू झाला, आरोपीचे शब्द त्याच्याच भाषेत उतरवले आहेत की हवालदाराच्या ठरावीक मायन्यात, वस्तू उघड्यावर पडली होती की झाकलेली, तिच्यावर लाखेचे सील जागेवरच लावले की ठाण्यात आल्यावर, आणि पंच याआधी याच ठाण्याच्या किती गुन्ह्यांत पंच होता, या प्रश्नांवर उलटतपासणी तासन्‌तास चालते. मुद्देमालाचे पाकीट उघडले जाते तेव्हा चिठ्ठीवरील सही आपलीच आहे असे सांगणारा पंच, आत काय होते हे मात्र आठवत नाही म्हणतो, आणि सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मागतात. प्रत्यक्ष सापडलेल्या वस्तूचा कस असा लावला जातो. न सापडलेल्या वस्तूविषयीच्या कथेला यांतील एकाही प्रश्नाला तोंड द्यावे लागत नाही, आणि म्हणूनच ती इतकी सफाईदार वाटते.

शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1973 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांतील अंतर मोठे आहे आणि तेच अंतर संदिग्ध तर्काला खात्रीच्या निष्कर्षापासून वेगळे करते. लोकांचे तर्क जवळजवळ सगळे पहिल्या बाजूचे असतात. माझा आक्षेप तर्क करण्याला नाही. शिक्षा झाली म्हणजे आता काहीही म्हटले तरी कोणावर अन्याय होत नाही, या समजुतीला आहे. एकदा माणूस दोषी ठरला की न सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच्या धूर्तपणाचा दाखला होते. वस्तू सापडली तर तो खुनी, नाही सापडली तर तो पक्का खुनी.

यासाठी मी नेहमी ऑस्ट्रेलियातील चेंबरलेन खटल्याचे उदाहरण देतो. 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तळावरील तंबूतून अझारिया ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. तिला डिंगोने, म्हणजे तिथल्या रानटी कुत्र्याने, नेले असे आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. आठवड्याने बाळाचे काही कपडे मिळाले, परंतु सर्वांत वर घातलेले पांढरे जाकीट त्यात नव्हते. कपड्यांवर प्राण्याची लाळ का नाही, याचे उत्तर लिंडीच्या मते त्या जाकिटातच होते. सरकार पक्षाच्या मते असे जाकीट मुळात नव्हतेच. मोटारीतच बाळाचा गळा चिरला गेला आणि मृतदेह काही काळ कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवून नंतर पुरला गेला असावा, अशी मांडणी झाली. डॅशबोर्डखालील शिंतोडे अर्भकाच्या रक्ताचे असल्याची साक्षही दिली गेली. लोक त्याच्याही पुढे गेले: अझारिया या नावाचा अर्थ ‘रानात दिलेला बळी’ असा होतो, कुटुंबाचा पंथ नरबळी देतो, बाळाला काळे कपडे घालत असत, अशा गोष्टी देशभर पसरल्या. नावाच्या अर्थाची ती कथा साफ खोटी होती. 29 ऑक्टोबर 1982 रोजी लिंडीला जन्मठेप झाली.

फेब्रुवारी 1986 मध्ये उलुरूवरून पडून मरण पावलेल्या एका पर्यटकाच्या अवशेषांचा शोध घेताना, डिंगोंच्या वावराच्या भागात, अर्धवट मातीत गाडले गेलेले ते जाकीट सापडले. लिंडीची काही दिवसांतच सुटका झाली. पुढच्या चौकशीत मोटारीतील त्या शिंतोड्यांचे रक्त असणेही टिकले नाही. तो कारखान्यात मारलेला, आवाज दाबणारा लेप निघाला. 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली आणि 12 जून 2012 रोजी मृत्यूचे कारण डिंगो असल्याची अधिकृत नोंद झाली. पुरावा तिने कसा लपवला याची इतकी वर्णने त्या काळात झाली, आणि लपवण्यासारखे काही तिच्याकडे नव्हतेच. प्रत्येक दोषी माणूस निर्दोष असतो असे मला यातून मुळीच सुचवायचे नाही; बहुतेक नसतात. पण न सापडलेल्या वस्तूचा अर्थ लावताना ‘ती नव्हतीच’ आणि ‘ती लपवली’ याखेरीज ‘ती अजून मिळालेली नाही’ हीही एक शक्यता असते, आणि तर्क लढवणारे नेमकी तीच विसरतात.

‘दोषी आहे तर आता सांगून का टाकत नाही?’ असेही विचारले जाते. याचे उत्तर भावनिक नाही. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील असते, आणि वस्तू कुठे आहे हे सांगणे म्हणजे अपिलावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) नुसार करता येत नाही. अपील संपल्यावरही काही जण गप्पच राहतात, आणि तिथे मात्र हा प्रश्न कुतूहलाचा उरत नाही. मृताच्या नातेवाइकांचा तो हक्काचा प्रश्न असतो. 1988 मध्ये इंग्लंडमध्ये हेलन मॅकोर्टचा खून झाला, मारेकऱ्याला दुसऱ्या वर्षी शिक्षा झाली, पण मृतदेह कुठे आहे हे त्याने कधीच सांगितले नाही. तिच्या आईने वर्षानुवर्षे लढा दिल्यावर 2020 मध्ये तिथे कायदा झाला, आणि पॅरोल मंडळाने सुटकेचा विचार करताना असे मौन लक्षात घ्यावे, हे त्यात बंधनकारक झाले.

तेव्हा तुम्ही म्हणता त्या खटल्याबद्दल, चर्चेतील कोणता तर्क पटतो हे ठरवण्यापूर्वी निकालपत्र मिळवा. सत्र न्यायालयांची बहुतेक निकालपत्रे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहता येतात. सुरुवातीला न्यायाधीशांनी निर्णयासाठी काढलेले मुद्दे आणि त्यांसमोर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे असतात. पुरावा नाहीसा केल्याचा मुद्दा तिथे आहे का आणि त्यासमोर काय लिहिले आहे, ते आधी पाहा. ‘होय’ असेल तर त्याची कारणे पुढच्या परिच्छेदांत साक्षीदारांच्या क्रमांकांसह मिळतील. ‘नाही’ असेल, किंवा तसा दोषारोपच ठेवलेला नसेल, तर लोक सांगतात त्या गोष्टींना, विशेषतः ज्या मित्राने गाडी दिली किंवा ज्या नातेवाइकाने आसरा दिला असे म्हणत एखाद्याचे नाव घेतले जाते त्यांना, कागदावर काडीचाही आधार नाही, असे समजावे.