प्रश्न वाचकांचे: कोजीची बुरशी आणि डीएनएची दुरुस्ती

प्रश्न (कराड, जि. सातारा): एम.एस्सी.च्या प्रकल्पात ॲस्परजिलस ओरायझीमधलं (सोयाबीन-तांदूळ आंबवणाऱ्या कोजीची बुरशी) एक जनुक काढायचं आहे. ट्रान्सफॉर्मंट (बाहेरचा डीएनए घेतलेल्या वसाहती) भरपूर मिळतात, पण पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती काढणाऱ्या चाचणीत) जनुक जागेवरच दिसतं. काय चुकतंय?

उत्तर: तुमचा हात चुकत नसावा. जनुकाच्या जागी बसवायला बाहेरून घातलेल्या डीएनएच्या तुकड्याची उघडी टोकं पेशीला तुटलेल्या डीएनएसारखी वाटतात. कू७० आणि कू८० ही प्रथिनं ती धरतात आणि लायगेज हे टोकं जोडणारं विकर ती सापडेल त्या जागी चिकटवून मोकळं होतं. जुळणारा क्रम शोधून तिथेच बदल करणारी दुसरी यंत्रणा मागे पडते. २००४ साली न्यूरोस्पोरा बुरशीत कू जनुकं काढल्यावर तुकडा १०० टक्के वेळा नेमक्या जागी बसला. मूळ वाणात हे प्रमाण १० ते ३० टक्केच होतं. पुढे कोजीच्या बुरशीतही हाच मार्ग चालला.

म्हणून कू७० किंवा लिगडी (त्या लायगेजचं जनुक) काढलेला वाण मिळवा. दोन्ही बाजूंना १ ते १.५ किलोबेस (हजार ते दीड हजार अक्षरं) जुळणारा क्रम ठेवा आणि तुकडा सरळच वापरा, प्लास्मिड (डीएनएचं गोल कडं) नको. पीसीआरचा एक प्रायमर (प्रत जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) या क्रमाच्या बाहेरचा हवा, नाहीतर भलत्या जागी बसलेला तुकडाही बरोबर वाटतो. या बुरशीवर निवडीसाठी वापरल्या जाणाऱ्या हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाचा फारसा परिणाम होत नाही. पायआरजी (युरिडीन बनवायला लागणारं जनुक) नसलेला वाण घेऊन, तुकड्यात ते जनुक ठेवून, युरिडीनविरहित माध्यमावर निवड करणं बरं.

खरी अडचण पुढे येते. या बुरशीच्या एका बीजाणूत अनेक केंद्रकं असतात, त्यामुळे जुनी-नवी केंद्रकं एकत्र राहतात आणि पीसीआरमध्ये दोन्ही पट्टे उमटतात. निवड माध्यमावरच एकेका बीजाणूपासून वसाहत वाढवा आणि जुना पट्टा जाईपर्यंत हे पुन्हा करा. कू नसलेला वाण डीएनए तोडणाऱ्या रसायनांपुढे नाजूक असतो, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न (तासगाव, जि. सांगली): सोयाबीनच्या कोजीचं विरजण यूव्ही (अतिनील) दिव्याखाली ठेवलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको. यूव्हीने डीएनएतले शेजारचे थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज हे विकर निळ्या प्रकाशात ते सोडवतं, पण सगळे सुटत नाहीत. राहिलेल्या खुणांतून वाण बदलतो. दिवा रिकाम्या कपाटासाठी आहे: आधी २०-३० मिनिटं लावा, बंद करा, मगच बरणी आत न्या. विरजण कोरडं करून ४ अंशांवर अंधारात ठेवा, आणि दर खेपेला मागच्या घाण्यातून न घेता मूळ साठ्यातूनच घ्या. भुईमुगावर किंवा मक्यावर आपोआप आलेली हिरवी बुरशी विरजणाला कधीही वापरू नका: ती ॲस्परजिलस फ्लेवस असू शकते, दिसायला जवळपास तशीच, आणि तिच्यातली अफ्लाटॉक्सिन या विषाची जनुकं चालू असू शकतात.